अट पुढे, हुकूम मागे

माझं इंग्रजी उद्धट आहे, असं माझी सून म्हणते. म्हणू दे. ती साखळीला शाळेत शिकवते, तिचं इंग्रजी पाकात घोळवलेलं असतं. 'प्लीज' काय, 'कुड यू' काय, 'वुड यू माइंड' काय! मला त्यातलं काही येत नाही. मला इंग्रजीत एकाच घाटाचं वाक्य येतं: अमुक झालं तर तमुक कर. पुढे अट, मागे हुकूम, मध्ये स्वल्पविराम. एवढ्या एका वाक्यावर मी सगळा जन्म काढला आणि माझं कुठे अडलं नाही.

धाकटी मुलगी हरमलला दिली आहे. तिच्या घराच्या मागे गोऱ्या पर्यटकांना द्यायच्या चार खोल्या आहेत. मागे मी तिच्याकडे राहायला गेले होते, तर एक लांबलचक गोरा परसातला नळ उघडा टाकून खुशाल दात घासत बसलेला. मी गेले आणि म्हटलं, "इफ यू वॉश, क्लोज द टॅप. इफ यू नो क्लोज, गो." मुलीने कपाळावर हात मारला. "आई, गिऱ्हाईक आसा तो!" असेना! दुसऱ्या दिवसापासून तो नळ बंद करायला लागला, आणि जाताना मला वाकून नमस्कार करून गेला. आता सांगा, माझं इंग्रजी वाईट कसं?

हे इंग्रजी मला ज्यांनी शिकवलं त्यांना आम्ही मास्तर म्हणायचो, पण नोकरीने ते मास्तर नव्हते. खाणीवरचे टायमकीपर होते. सकाळी हजेरी घ्यायची, भोंगा वाजवायचा, कोण उशिरा आलं ते लिहायचं, एवढंच त्यांचं काम. बाकी सगळं त्यांनी आपल्या मनाने अंगावर घेतलेलं.

गोवा मुक्त होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही दोडामार्गाकडचे. लग्नाला वर्ष झालं नाही तोच नवरा मला घेऊन डिचोलीच्या बाजूला खाणीवर आला. तो सुरुंगाच्या टोळीत, मी बायकांच्या टोळीत. पुरुषांनी डोंगराला भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वात पेटवून पळायचं. एकेका भोकाला 'बार' म्हणायचे. बार फुटले की आम्ही बायकांनी त्या दगडांतून लोखंडाचा चांगला दगड निवडायचा, टोपलीत भरायचा आणि डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायचा. संध्याकाळी अंग लाल, लुगडं लाल, थुंकीसुद्धा लाल. खाणीचं नाव मी सांगत नाही. ती आता बंद आहे, आणि तिथल्या मॅनेजरचं नाव तोंडात घ्यायची मला इच्छा नाही.

मास्तर पेडण्याकडचे, कोरगावचे. सडसडीत माणूस, कमरेला धोतर आणि वर काळा कोट. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा कोट. खाणीच्या धुळीने तो कोट काळा राहिलाच नव्हता, पण ते रोज संध्याकाळी तो झटकून खिळ्याला लावायचे. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत गजराचं घड्याळ, तांब्याएवढं. ते जवळ आले की आधी टिकटिक ऐकू यायची आणि आम्ही बायका गप्पा आवरायचो. एकदा मी विचारलं, "मास्तर, मनगटावरचा घड्याळ घेवा मां एक, ह्या ओझां कित्याक?" तर म्हणाले, "मनगटावरचा घड्याळ सायबाक बघून चलता. ह्या कोणाक भियेना नाय."

त्याआधी ते कोरगावात मराठी शाळा चालवायचे. पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हा. शाळेला जागा गावच्या भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. भाटकार रस्त्याने गेला की पोरांनी धडा सोडून उठून उभं राहायचं, असा तिथला रिवाज. मास्तरांनी फळ्यावर लिहून ठेवलं: 'गणित संपले असेल तर उभे राहा.' आणि भाटकाराची जायची वेळ झाली की ते असं काही लांबलचक गणित घालायचे की पोरं संध्याकाळपर्यंत बसलेलीच. दोन महिन्यांत शाळा गेली. ही गोष्ट ते इतक्या आनंदाने सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्या माणसाला बक्षीसच मिळालं.

इंग्रजी त्यांना आधी येत नव्हतं. पोर्तुगीज मात्र फर्डं यायचं. "ते गेले आणि माझी अर्धी अक्कल आगबोटीत बसून गेली," म्हणायचे. मग पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे ते इंग्रजी शिकले, आणि ते कशावरून शिकले हे कळलं की त्यांचं सगळं इंग्रजी समजतं. ऑफिसच्या कपाटात खाणीच्या सुरक्षिततेच्या नियमांचं एक जाडजूड पुस्तक होतं. कामगारांना ते शिकवावं असं त्यातच लिहिलेलं, पण कपाटाला कुलूप. कपाट उघडलं की मास्तर तिथे उभ्या उभ्या दोन पानं वाचायचे, पाठ करायचे आणि बाहेर येऊन लिहून काढायचे. त्या पुस्तकात वाक्यं एकाच जातीची. भोंगा वाजला तर थांबा. दरड हलली तर पळा. त्यामुळे मास्तरांच्या इंग्रजीत गोड बोलायची सोयच राहिली नाही.

आता ऐका त्यांची खोड. हजेरीला 'हजर' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "हजर तर दगड पण आसत," म्हणायचे. नाव पुकारलं की प्रत्येकाने एक इंग्रजी वाक्य म्हणायचं, पुढे अट, मागे हुकूम. मगच हजेरी लागणार. पहिले आठ दिवस नुसती बोंबाबोंब. मुकादम तक्रार घेऊन ऑफिसात गेला. पण हळूहळू माणसांना गंमत वाटायला लागली. कोणी म्हणे, "इफ रेन कम, गो होम." कोणी म्हणे, "इफ ट्रक कम, मूव्ह." आमच्या टोळीतली एक म्हातारी रोज एकच म्हणायची, "इफ मुकादम गो, सिट." मुकादम शेजारी उभा, त्याला इंग्रजीचा गंध नाही. मास्तर गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "करेक्ट," आणि तिच्या नावापुढे खूण करायचे. आम्ही पदर तोंडात कोंबून हसायचो. उशिरा येणाऱ्यांसाठी त्यांचं स्वतःचं वाक्य ठरलेलं: "इफ यू आर लेट, कम रनिंग. इफ यू आर व्हेरी लेट, कम वॉकिंग." म्हणजे उशीर झाला तर धावत ये, फारच झाला तर सावकाश ये, खाडा लागलेलाच आहे.

दुपारी पेज पिऊन झाली की हजेरीच्या शेडमागे भेंडीच्या झाडाखाली वर्ग भरायचा. मी आधी जात नव्हते. बाईमाणसाला इंग्रजी कशाला, असं माझंच मत. मग एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, "तुझ्या घोवाचा काम काय?" म्हटलं, सुरुंगात. "मग तुका शिकूक व्हया. तो तिकडे वात पेटवता आणि तू हय उबी. काय झाला तर काय करूचा, ता दोघांका ठावक व्हया." त्या दिवसापासून मी जायला लागले.

पण आमच्या डोक्यात ते शिरेना. हुकूम कोणाला आहे ते वाक्यात सांगितलेलंच नाही, हे आम्हाला पटत नव्हतं. 'यू' कुठे गेला? मास्तर म्हणत, "हुकमाक 'यू' लागणा नाय, ज्याका सांगलां तेका कळता." तरी आम्ही ठोंबे ते ठोंबे. शेवटी ते सुटलं गाऱ्हाण्यामुळे.

गाऱ्हाणं आमच्याकडे घराघरात. देवासमोर नारळ ठेवून एकाने मोठ्याने मागणं मागायचं आणि दर मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्या गावात तो मान माझ्या सासऱ्यांच्या घरात. खाणीवर आमच्या गावची माणसं जास्त, म्हणून तो मान चालत नवऱ्याकडे आला. रोज पहिला बार लावायच्या आधी तो खाणीच्या कोपऱ्यातल्या राखणदार देवाच्या दगडापुढे नारळ ठेवून सुरू करायचा. "हे राखण्या म्हाराजा, हय तुझी लेकरां दगडात हात घालतत, तेंका सांभाळ रे म्हाराजा!" आम्ही, "व्हय म्हाराजा!" "कोणाचा काय चुकला-माकला आसात, तर पोटात घाल रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!"

एकदा मास्तर तिथून जाताना थांबले. पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "अरे, ह्या तर माझाच व्याकरण! चुकला आसात तर पोटात घाल! पुढे अट, मागे हुकूम! देवाक बरे हुकूम सोडतात रे, आणि म्हणतात इंग्लिश येणा नाय!"

त्या दिवसापासून वर्ग गाऱ्हाण्याच्या चालीवर. मास्तर उभे राहून म्हणायचे, "इफ द सायरन ब्लोज, रन रे म्हाराजा!" आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" "इफ द रेड फ्लॅग इज अप, स्टॉप रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आणि सगळ्यात शेवटी, रोज, न चुकता, "इफ द होल डज नॉट स्पीक, सिट रे म्हाराजा!" बार बोलला नाही तर बसा. किती वेळ? अर्धा तास. पुस्तकात 'फायर' आणि 'वेट' होतं, ते मास्तरांनी बदलून 'स्पीक' आणि 'सिट' केलं. का, तर म्हणे उभा राहिलेला माणूस चालायला लागतो, बसलेल्याला आधी उठावं लागतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली, हुकूम आणि धमकी ह्यांतला फरक. फळ्यावर लिहिलं: 'टच द वायर अँड यू विल डाय.' आमच्यातला एक उठून म्हणाला, "मास्तर, मराचा असला तर टच कर म्हणान कित्याक सांगतत?" मास्तर खूश झाले. म्हणाले, "हीच तर लबाडी! दिसता हुकूम, पण आसा धमकी. मोठी माणसां अशीच बोलतत. तोंडार हुकूम आणि पोटात धमकी. ऐकल्यार आधी बघूचा, हेतला खयचा."

आता ज्याच्यासाठी एवढं सांगत बसले ते सांगते. आमच्यात एक वेडी रीत होती. आम्ही म्हणजे आम्हीच, दुसऱ्या कोणाच्या डोक्यात ती येणार नाही. बार लावले आणि एखादा मुका राहिला, की राखणदार रुसला असं समजायचं. मग गाऱ्हाणं घालणाऱ्याने नारळ घेऊन थेट त्या भोकापाशी जायचं, खडकावर नारळ ठेवायचा, हात टेकायचा आणि मनधरणी करायची. आणि तेही लगेच, कारण रुसलेल्या देवाला ताटकळत ठेवत नाहीत. आता आठवलं की अंगावर काटा येतो. वात आत कुठेतरी धुमसत असायची आणि माझा नवरा नारळ घेऊन वर ओणवा! दोनदा तो असा जाऊन सुखरूप आला होता, त्यामुळे सगळ्यांचा विश्वास पक्का. मुकादमाला तर ही रीत फारच आवडायची, कारण वेळ वाया जात नसे.

दुसऱ्या वेळेला मास्तरांनी ते पाहिलं आणि ते नवऱ्यावर इतके भडकले की कोटाचं बटण तुटलं. नवराही काही कमी नाही. "माझ्या देवाच्या आड येवचा काम नाय," म्हणाला. दोघांचं बोलणं बंद झालं. नवरा हजेरीला वाक्य म्हणेना आणि मास्तर त्याची हजेरी लावेनात. मी मध्ये सापडले. दिवसा मास्तरांच्या वर्गात 'सिट रे म्हाराजा' म्हणायचं आणि घरी आल्यावर नवऱ्याला काही बोलायची सोय नाही. बार लागायची वेळ झाली की मला भाकरतुकडा जात नसे.

थंडीचे दिवस होते. दुपारचे बार. आम्ही बायका लाल निशाणाच्या मागे ट्रकच्या आडोशाला उभ्या. बार किती भरले ते आम्हाला सांगायचे आणि आम्ही बोटं दुमडून आवाज मोजायचो. त्या दिवशी पाच भरले होते. एक, दोन, तीन, चार. चार बोटं दुमडली, अंगठा उभाच राहिला. मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले. कोणीतरी म्हणालं, "देव रुसलो." तोवर नवऱ्याने नारळ उचलला होता.

मास्तर कुठून आले कोण जाणे. ते त्याच्या वाटेत उभे राहिले, पिशवीतून घड्याळ काढलं, अर्ध्या तासाचा गजर लावला आणि दगडावर ठेवलं. मग रोजच्या चालीवर ओरडले, "इफ द होल डज नॉट स्पीक, सिट रे म्हाराजा!"

कोणी बसलं नाही. 'व्हय म्हाराजा' पण कोणी म्हटलं नाही.

नवरा म्हणाला, "मास्तर, बाजूक व्हा. देव वाट बघता."

"देवाक घाई नाय," मास्तर म्हणाले. "घाई सायबाक. तुका गाऱ्हाणां घालूचा आसा मां? हयसून घाल. राखण्याक कान आसत का नाय? का तुझो देव बहिरो?"

नवरा पेचात पडला. इथून देवाला ऐकू जात नाही असं म्हणावं तर देवाचा अपमान. तो नारळ हातात घेऊन होता तिथेच बसला. बसला! लगेच मी पण बसले. मग टोळी बसली. नवऱ्याने डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. अर्धा तास भरायचा म्हणजे मागणी तरी किती मागणार? त्याने गावातल्या सगळ्या घरांची नावं घेतली, गुरांची घेतली, विहिरीला पाणी मागितलं, ट्रकला टायर मागितले. दर मागण्याला आमचं 'व्हय म्हाराजा'.

तेवढ्यात मॅनेजरची जीप आली. मुरगावला बोट उभी होती, तिच्यासाठी माल कमी पडत होता. तो खाली उतरला आणि बघतो तर अख्खी खाण बसलेली. त्याने मास्तरांना विचारलं, हे काय चाललंय. मास्तर म्हणाले, "होल डिड नॉट स्पीक, सर." मॅनेजर इंग्रजीत ओरडला. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. "गो नाउ अँड आय विल फरगेट इट. सिट हिअर अँड यू लूज युअर जॉब!"

मास्तर आमच्याकडे वळले. वर्गात विचारायचे तशाच आवाजात त्यांनी विचारलं, "खयचा? हुकूम का धमकी?"

"धमकी!" सगळी टोळी म्हणाली.

मॅनेजर लाल झाला. त्याने नवऱ्याकडे बोट केलं आणि हिंदीत म्हणाला, "ए नारियलवाला, उठ!" नवऱ्याने डोळे उघडले. माझ्या नवऱ्याचा जीव त्या घटकेला त्या बोटाच्या टोकाला होता, हे मी काही वाढवून सांगत नाही. तेव्हा मास्तर मॅनेजरच्या अगदी समोर गेले. कोटाची उरलेली बटणं लावली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

"इफ यू आर शुअर, सर, गो युअरसेल्फ."

तुमची खात्री असेल तर तुम्ही जा. वाक्य पुरतं कळलं नाही असा एक माणूस तिथे नव्हता. आणि सवय ती सवय, शंभरेक गळ्यांतून एकदम निघालं, "व्हय म्हाराजा!"

मॅनेजरने त्या भोकाकडे बघितलं. मग आमच्याकडे बघितलं. तो गेला नाही. जीपला टेकून उभा राहिला, सिगारेट पेटवली, ती विझली, परत पेटवली. नवऱ्याने गाऱ्हाणं पुढे चालू केलं. त्या दिवशी मला मास्तरांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

गजर वाजला. दोन माणसं जपून पुढे गेली, बघितलं, तर वात सादळलेली. विस्तव आत पोचलाच नव्हता. बार मेलेला होता, पहिल्यापासून. तासभर मिठी मारून बसलं असतं तरी काही झालं नसतं. मॅनेजर मोठमोठ्याने हसला. हसत हसतच जीपमध्ये बसला.

संध्याकाळी मास्तरांना ऑफिसात बोलावलं. माफी लिहून दिली तर ठेवतो, नाहीतर उद्यापासून येऊ नको. मास्तरांनी कागद मागून घेतला आणि त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ लिहिली: 'इफ द होल डज नॉट स्पीक, सिट.' खाली सही केली, तारीख घातली, कोट झटकला आणि निघाले. शेडपाशी आम्ही उभे होतो. नवरा पुढे झाला आणि तोंड फिरवून म्हणाला, "मी देवासाठी बसलंय. तुमच्यासाठी न्हय."

"बसलंस मां?" मास्तर म्हणाले. "कारण तुझा तू बघ." आणि पिशवीतली टिकटिक घेऊन रस्त्याला लागले.

मग आम्ही काय केलं? काही नाही. नवा टायमकीपर आला, लोक 'हजर' म्हणायला लागले. भेंडीखाली पत्त्यांचा डाव बसला. आणि आठ-पंधरा दिवसांत लोक हसायला लागले. मेलेल्या बारासाठी नोकरी घालवली म्हाताऱ्याने! मॅनेजर तर आल्यागेल्या पाहुण्यांना रंगवून सांगायचा. बायका दगड निवडताना त्यांची नक्कल करायच्या, टोपली समोर ठेवून म्हणायच्या, "इफ यू आर शुअर, सर!" आणि लोळून हसायच्या. मीही हसायची. खोटं कशाला सांगू? नक्कल सगळ्यांत चांगली मला यायची.

तीन महिन्यांनी, काजूच्या दिवसांत, परत तसंच झालं. सहा भरले, पाच वाजले. मॅनेजर ह्या खेपेला तिथेच होता. त्याने नवऱ्याकडे बघून नुसती मान हलवली, जा म्हणून. नवऱ्याने नारळ उचलला आणि चालायला लागला. अडवणारं कोणी नव्हतं. चार पावलं, सहा पावलं. आणि माझ्या तोंडून किंकाळी फुटल्यासारखं निघालं, "सिट!"

नवऱ्याला चारचौघांत हुकूम सोडलेला तो पहिलाच. तो थबकला. मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी परत ओरडले, सगळं वाक्य, होतं तसं, चालीसकट. टोळीतली ती म्हातारी म्हणाली, "व्हय म्हाराजा," आणि बसली. मग बाकीची बसली. नवरा परत आला, माझ्या शेजारी बसला आणि डोळे मिटून गाऱ्हाणं घालायला लागला. मॅनेजरने तोंड उघडलं, पण ह्या वेळेला कोणावर ओरडायचं ते त्याला कळेना. शंभर माणसांना काढून खाण कशी चालणार?

पंधरा मिनिटं झाली असतील, कमी-जास्त. आमच्याकडे घड्याळ नव्हतं. नवऱ्याचं मागणं अर्ध्यावर होतं आणि बार फुटला.

धुरळा बसला तेव्हा नारळ ठेवायचा खडकच तिथे नव्हता. नवऱ्याने आपले दोन्ही हात समोर धरले आणि उलटे-सुलटे करून बघितले. मॅनेजर केव्हा गेला ते कोणी बघितलं नाही. मी रडले नाही. मला स्वतःचा भयंकर राग आला होता.

दुसऱ्या दिवशी खाडा करून मी कोरगावला गेले. दोन बस बदलल्या, पुढे चालत. नवरा येतो म्हणाला, पण मीच नको म्हटलं. मास्तरांचं घर शोधावं लागलं नाही, परसात त्यांचाच आवाज चालला होता. कोट झाडाच्या फांदीला लावलेला, धोतर वर खोचलेलं, आणि मास्तर दगडी खळग्यात काजूची बोंडं पायांनी तुडवत होते. त्यांची बायको ओसरीवर बिया वेगळ्या करत बसलेली. मला बघून म्हणाली, "ये गो, बस. माणसां संपली, आता हेंनी बोंडांक इंग्लिश शिकवूक घेतलां."

मी बसले नाही. धापा टाकतच सांगितलं. "मास्तर, काल बार मुको रवलो. आमी सगळी बसलो. आणि मागसून फुटलो! तुमी बरोबर होतात, मास्तर! तुमीच बरोबर होतात!"

ते तुडवायचे थांबले. "कोण गेल्लो काय वर?"

"कोण नाय."

"तुझो घोव?"

"बसलेलो. माझ्या बाजूक."

त्यांनी डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. मला वाटलं, आता हे हसतील, बायकोला सांगतील, बघ म्हणून. मी त्यांना तीच भेट द्यायला आले होते. पण मास्तरांचा चेहरा बघता बघता तांबडा झाला. ते खळग्यातून बाहेर आले, पायांवर रस ओघळत होता, आणि भाटकारापुढे, मॅनेजरपुढे उभे राहिले असतील तसेच माझ्यापुढे उभे राहिले.

"काल बार फुटलो म्हणान मी बरोबर?" ते म्हणाले. "आणि त्या दिवसा फुटूक नाय, तेवा मी काय चुकलंय? नाय गो बाय. ह्या माका चलाचा नाय. मी बरोबर होतंय ता त्याच दिवसा. फुटूक नाय, त्याच दिवसा."

मी मान खाली घातली. तो मेलेला बार आहे, हे त्या दिवशी मला माहीत नव्हतं, नवऱ्याला नव्हतं, मॅनेजरला तर मुळीच नव्हतं, म्हणूनच तो जीपला टेकून उभा राहिला. आणि तरी तीन महिने मी हसत होते.

"मास्तर," मी म्हटलं, "मी पण तुमका हसलंय. सगळ्यांबरोबर."

"माका ठावक आसा," मास्तर म्हणाले, आणि परत खळग्यात उतरून बोंडं तुडवायला लागले.